विहार मोहल्ल्याची दुरडी

"आपली दुरडी कवा न्याची वं?" सिंधूताईनं लेकीला विचारलं, आणि पिंकीच्या हातातला घास हातातच राहिला.

माय चुलीपुढं बसली होती. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता की तक्रार नव्हती. शिबिर उद्या गावात येणार, तर ज्वारी केव्हा दळून आणायची तेवढं तिला हवं होतं.

"आपल्याकडं लाकूड हाये," पिंकी म्हणाली.

"लाकूड?"

"मोहल्ल्यानं लाकूडफाटा द्याचा."

"कोनं सांगतलं?"

"भैय्याजीनं. ग्रामपंचायतीत बैठक झाली ना आज."

"न तू काय म्हनलं?"

पिंकीनं घास ताटात ठेवला. "चालते म्हनलं."

सिंधूताईनं तव्यावरची भाकर उलटली. पिंकीचा बाप नत्थूजी भिंतीला टेकून जेवत होता. तो म्हणाला, "जाऊ दे वं. पोरीचं शिबिर नीट होऊ दे." घरातला विषय तिथं संपला. पिंकीच्या मनातला मात्र तिथंच सुरू झाला.

पिंकी नागपूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि राष्ट्रीय सेवा योजनेची विद्यार्थी-प्रमुख होती. विद्यापीठाच्या नेतृत्व विकास शिबिराला जाऊन आली होती. तिथं डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना वाट दाखवायला लावली होती, आणि पुढारी सगळ्यात शेवटी जेवतो, असं एका पाहुण्यानं पुनःपुन्हा सांगितलं होतं. यंदाचं शिबिर आपल्या बोरझरीत न्यावं म्हणून तिनंच योजना बघणाऱ्या ढोके सरांच्या मागं भुणभुण लावली होती. बोरझरीचा नाला पौषापर्यंत वाहतो आणि मग सगळं पाणी खाली निघून जातं. पोत्यांत रेती भरून नाल्याला आडवा बांध घातला, तर विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. काम साधं, दिसणारं, आणि मुलांच्या हातानं होणारं होतं. सरांना ते पटलं.

बोरझरीची एक रीत होती. गावाचं काम निघालं, तलावाचा गाळ असो की शाळेची भिंत, दुपारची भाकर घराघरांतून यायची. प्रत्येक आळीची एक बाई दुरडी घेऊन यायची, आळीचं नाव सांगायची आणि धुतलेल्या धोतरावर भाकरी ओतायची. मग गावातला वडीलधारा, म्हणजे अलीकडं भैय्याजी, दोन्ही हात घालून तो ढीग वरखाली करायचा. जाड, पातळ, वाकडी, करपलेली, सगळ्या एकात एक. कोणाच्या घरची कोणती ते ओळखू येऊ नये म्हणून. "आमच्या गावात भाकरीले नाव नसते," असं भैय्याजी पाहुण्यांना छाती फुगवून सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त विहाराकडच्या मोहल्ल्याची दुरडी त्या धोतरावर कधी आली नव्हती. कोणी नको म्हटलं नव्हतं. नको म्हणायची वेळच कोणी येऊ दिली नव्हती. 'तुमी मजुरीवाले, तुमाले कायले तरास' असं म्हणून मोहल्ल्याकडं लाकूडफाटा दिला जायचा.

गोड बोलण्याची कमाल हीच आहे. शिवी दिली तर माणूस भांडतो, आणि गोड बोललं तर आभार मानून घरी येतो. पिंकी भर बैठकीत आभार मानून आली होती. लहानपणापासून लाकूडच देत आल्यामुळं तिला त्यात काही खटकलंसुद्धा नव्हतं, आणि आता त्याचीच तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून मुलं-मुली आली. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या पडल्या, व्हरांड्यात फलक लागला, स्वागताला नारळ फुटला. भैय्याजींनी भाषण केलं, आणि भाकरीला नाव नसल्याची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या. त्यानंतर रोज उजाडलं की पिंकीची शिट्टी वाजायची. धुक्यात कुडकुडत सगळे चहा घ्यायचे आणि घमेली-फावडी खांद्यावर टाकून नाल्याकडं निघायचे.

रेती भरायची, दाभणानं पोत्याचं तोंड शिवायचं आणि हातोहात पोतं पुढं सरकवायचं, असं काम होतं. ओली रेती जड असते. नागपूरच्या महाल भागातला विहंग पहिल्याच दिवशी तळहात फोडून बसला. त्याच्या बापाचं भांड्यांचं दुकान होतं. घरी कढयांच्या चळती उचलतो, पोत्याचं काय, अशी फुशारकी मारत तो आला होता. "यार पिंकी, हे पोतं माझ्याशी पर्सनल दुश्मनी करून राहिलं," असं तो म्हणायचा, पण बसायचा नाही. हाताला फडकं गुंडाळून पुन्हा रांगेत उभा राहायचा. पिंकीचे खांदे रात्री ठणकायचे. पण शिट्टी तिच्या गळ्यात होती, म्हणून ती कोणाला सांगायची नाही.

गावातली माणसंही यायची, आणि सगळ्यात पुढं भैय्याजी. सत्तरी उलटलेला माणूस, डोक्याला दुपट्टा, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. पाण्यात उभं राहून प्रत्येक पोतं पायानं दाबून बसवायचे. भैय्याजी वाईट माणूस नव्हते, हे सांगून टाकलेलं बरं. पिंकीच्या बारावीच्या परीक्षेत एस.टी. आली नाही, तेव्हा यांनीच बैलगाडी जुंपून तिला वेळेत केंद्रावर पोचवलं होतं. वाईट माणसाशी भांडणं किती सोपं असतं, असं तिला त्या दिवसांत वारंवार वाटलं.

दुपारी धोतर अंथरलं जायचं. वरची आळी, मारुतीची आळी, बाजाराची आळी, एकेक दुरडी रिकामी व्हायची. भैय्याजी हात धुऊन ढीग वरखाली करायचे आणि सगळे गोल करून बसायचे. आलूवांग्याची भाजी मुलंच शाळेमागच्या चुलीवर करायची. त्या चुलीचं लाकूड नत्थूजी डोक्यावर आणून टाकायचा, मानेवरचा भुसा झटकायचा आणि पायवाटेनं घरी निघायचा.

"तुझे बाबा जेवायला थांबत नाहीत का बे?" विहंगनं एकदा विचारलं.

"घरी जेवतात."

दोन दिवसांनी भाकर मोडता मोडता तो हळूच म्हणाला, "यातली तुमच्या घरची कोणती असेल?"

"यात नाही," पिंकी म्हणाली.

विहंगनं ढिगाकडं पाहिलं, पायवाटेकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी उतरली. महालात वाढलेल्या पोराला कळायला वेळ लागला, पण कळलं.

संध्याकाळी ती ढोके सरांकडं गेली. सर भले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुझं खरं आहे. पण आपण सात दिवसांचे पाहुणे. आपण जाऊ, तुझे आईवडील इथंच राहतील. पुढारी म्हणजे वेळ ओळखणारा माणूस, पिंकी."

"वेळ कोणती असते सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

विहंगला मात्र उपाय सुचला. "टेन्शन काहून घेते? उद्या तुझ्या आईच्या भाकरी मी पिशवीत आणतो. सगळे ओतून राहिले की मधातच टाकून देतो. भैय्याजी मिसळून टाकतील. कोणाला घंटा कळत नाही. सगळे खातील, भांडण नाही न काही नाही."

पिंकीला ते फार आवडलं. युक्ती होती, कोणाचं मन दुखणार नव्हतं, आणि मायची भाकर गावाच्या पोटात जाणार होती. ती जवळजवळ धावतच घरी आली. सिंधूताई अंगणात तुरीच्या तुराट्यांचा झाडायचा फडा बांधत होती. तिनं सगळं ऐकलं आणि गाठ करकचून आवळली.

"चोरून काहून?"

"चोरून नाही माय, फक्त नाव घ्याचं नाही."

"बाकीच्या आळ्या नाव घेऊन ओतते ना? मंग माह्या भाकरी काय चोरीच्या हाये? ज्वारी माह्या मजुरीची, पीठ मी दळून आनलं, हात भाजते माहे." ती ओरडत नव्हती. फडा जमिनीवर आपटून सारखा करत होती. "तुह्या आजीनं लाकूड देल्लं, म्या देल्लं. तू शिकली म्हनून आता लपून भाकर देऊ? नाव घेऊन ओतीन. नाई त इथं बसून आपन आपलं खाऊ, लई गोड लागते."

नत्थूजी बाजेवर बसून विडी ओढत होता. तो पिंकीकडं न पाहता म्हणाला, "तुही माय लगन होऊन आली तवापासून वाट पाहून राहिली. कधी बोलली नाई."

पिंकीला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं. ती तशीच उठली आणि भैय्याजींच्या खळ्यावर गेली.

भैय्याजी तूर बडवत होते. "ये पोरी, बस," म्हणाले. ती उभीच राहिली.

"उद्या शेवटचा दिवस हाये, भैय्याजी. उद्या विहार मोहल्ल्याची दुरडी येईन."

"कोनं नाई म्हनलं?"

"कोनंच नाई."

"मंग?"

"म्हनून सांगाले आली. पुसाले नाही आली."

भैय्याजींचा हात थांबला. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "पाह्य बाप्पा, माहं काई नाई. मी आज हाये, उद्या नाई. पन लोकायच्या मनातलं मले माईत हाये. उद्या बंधाऱ्याचं तोंड बांधाचं हाये. पानी जोरात हाये, पंधरा-वीस मानूस एका वक्ताले लागन. दुरडी पाहून गडी उठून गेले, त तोंड उघडं राहीन. न उघडं राहिलं त रातभरात सारे पोते वाहून जाईन. तूच आनलं हे काम. तूच विचार कर."

हे धमकावणं नव्हतं. ते खरंच होतं. आठवडाभर मुलांनी तळहात फोडून घेतले होते. ते सगळं एका दुरडीपायी वाहून जाऊ शकत होतं.

"येईन दुरडी," ती म्हणाली.

परतताना तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "सांगून टाकलंस, आता मला विचारून काय उपयोग?" आणि ती वळल्यावर मागून म्हणाले, "जेवायला मी तुझ्या आईच्या शेजारी बसेन."

शेवटच्या दिवशी मोहल्ल्यात पहाटेपासून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सिंधूताईकडं शेजारच्या बाया पीठ घेऊन आल्या होत्या. कोणी उखळात तीळ कुटत होती, कोणी उगाच हसत होती. लग्नघराला येते तशी लगबग त्या अंगणाला आली होती.

नाल्यावर दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी बांध चढला. मधलं तोंड तेवढं उघडं राहिलं आणि त्यातून पाणी फेसाळत निघू लागलं. पिंकीनं शिट्टी वाजवली. धोतर अंथरलं. वरची आळी आली, मारुतीची आळी आली, बाजाराची आळी आली. बाजाराच्या आळीची दुरडी प्रेमिलाबाईंनी ओतली. प्रेमिलाबाई म्हणजे भैय्याजींची बायको. पदर खोचून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

मग पायवाटेनं सिंधूताई आली. विहाराला जाताना नेसायचं पांढरं लुगडं नेसली होती. डोक्यावर दुरडी, वर स्वच्छ फडकं. ती धोतराच्या काठाशी थांबली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "विहार मोहल्ला." आणि तिनं दुरडी ओतली.

पाण्याचाच आवाज येत होता. ढीग वरखाली करायचा, तो मान भैय्याजींचा. भैय्याजी हात मागं बांधून उभे होते, आणि गावची माणसं त्यांच्याकडं पाहत होती. ते पुढं झाले नाहीत.

नेतृत्व शिबिरात शिकवलेलं एकही वाक्य पिंकीला त्या वेळी आठवलं नाही. आठवलं ते बैठकीतलं आपलं 'चालते'. ती वाकली, नाल्यात हात धुतले, धोतरावर गुडघे टेकले आणि दोन्ही हात ढिगात घातले. वरच्या खाली, खालच्या वर. मायच्या भाकरी वरच्या आळीच्या भाकरींत गेल्या, बाजाराच्या आळीत गेल्या, आणि पाहता पाहता तिला स्वतःलाही ओळखू येईनाशा झाल्या. आता ज्याला मोहल्ल्याची भाकर नको असेल, त्याला गावातली कोणतीच भाकर खाता येणार नव्हती.

विहंग पहिला बसला. "भूक लागली बे," म्हणून त्यानं भाकर उचलली. सर येऊन सिंधूताईशेजारी मांडी घालून बसले. मुलं बसली. गावातल्या दोघा-तिघांना घरी गोठ्यातलं काम आठवलं, ते निघाले. बाकीचे उभेच होते.

"मले आज भूक नाई," भैय्याजी म्हणाले. "तुमी जेवा."

"भूक नाई त पोते पाहा," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मले लागली हाये." त्या सिंधूताईच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चटनी कायची केली वं?"

"तिळाची."

"दे."

आजवर कापूस वेचायला दोघी एकाच ओळीत चालल्या होत्या, पण जेवायला कधी एकत्र बसल्या नव्हत्या. प्रेमिलाबाई बसल्या तशी आणखी चार माणसं बसली, मग आणखी. काही जण उभ्याउभ्या विडी ओढत राहिले. पण निघून गेले नाहीत, आणि पिंकीला त्या वेळी तेवढं पुष्कळ होतं.

भैय्याजी एकटेच बांधावर जाऊन पोती सारखी करत बसले.

जेवणं झाल्यावर तोंड बांधायला घेतलं. माणसं कमी होती, म्हणून मुली पाण्यात उतरल्या, सर विजार वर करून उतरले, लाकूड टाकायला आलेला नत्थूजी पहिल्यांदा परत गेला नाही आणि मोहल्ल्यातल्या चार गड्यांना हाक मारून घेऊन आला. भैय्याजी मधोमध छातीनं पाणी अडवून उभे होते. "दे गा नत्थू," म्हणायचे, आणि नत्थूजी त्यांच्या हातात पोतं द्यायचा. पोतं त्याच्या हातून त्यांच्या हाती, असं किती वेळ चाललं. भाकर चालत नाही त्या हातातून पोतं कसं चालतं, असा विचार पिंकीच्या मनात आला आणि तिला रागाऐवजी हसू आलं.

उन्हं कलताना शेवटचं पोतं बसलं. फेस थांबला. पाणी क्षणभर घोटाळलं आणि मागं मागं पसरू लागलं. मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, कोणी घमेलं बडवलं. विहंग चिखलात आडवा पडून आभाळाकडं पाहत हसत होता. पिंकीला रडू आलं आणि तिनं ते दाबलं नाही.

भैय्याजी काठावर येऊन बसले होते. ओले, गारठलेले. ओठ सुकलेले. प्रेमिलाबाई केव्हाच घरी गेल्या होत्या. सिंधूताई रिकामी दुरडी झटकत होती. भैय्याजींनी एकदा घसा साफ केला, दुसऱ्यांदा केला.

"सिंधू, भाकर उरली का वं एखांदी?"

सिंधूताईनं दुरडी उलटी करून दाखवली. "नाई भैय्याजी. पोरायनं सारी सपवली."

"घरची बी सारी त धोतरावरच आली," ते स्वतःशीच म्हणाले. "बाईनं सांजीसाठी ठेवली नसन."

पिंकीला वाटलं, माय आता बोलेल. इतक्या वर्षांचं बोलेल. सिंधूताईनं दुरडी काखेला लावली. "पीठ हाये," ती म्हणाली. "चूल पेटाले येळ नाई लागत. या."

ती मागं न पाहता चालू लागली. पिंकी तिच्या मागं, नत्थूजी कुदळ घेऊन. आणि थोडं अंतर ठेवून भैय्याजी. मोहल्ल्याच्या तोंडाशी कडूनिंब होता. तिथपर्यंत ते नेहमी यायचे, कामाला हाक मारायला. तिथं आल्यावर ते थांबले.

"मी इथंच बसतो बाप्पा," ते म्हणाले. "पोरीच्या हाती पाठवून दे."

सिंधूताई थांबली नाही. "बाज आंगनात हाये," एवढंच म्हणाली आणि घरात शिरली.

पिंकीनं चूल पेटवली. धूर डोळ्यांत गेला. मायनं परातीत पीठ घेतलं, कोमट पाण्यानं मळलं, रोजच्याइतकंच. थापताना तिचा हात घाईत नव्हता. पिंकीच्या मनात आलं, ताट घेऊन निंबाखाली जावं. म्हातारा माणूस, ओला, उपाशी. गाडी जुंपून परीक्षेला नेलं होतं त्यांनी. ती उठायला गेली, तशी माय दाराकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "बस. लाकूड सरकव आत."

पिंकी बसली. तिनं लाकूड आत सरकवलं. भाकर तव्यावर पडली, उलटली, विस्तवाला लागून टम्म फुगली. सिंधूताईनं ती ताटात ठेवली आणि ताट उचललं नाही. दोघी मायलेकी तशाच बसून राहिल्या.

बाहेर अंगणात बाज करकरली. आणि नत्थूजीचा आवाज आला, "हात धुवाले पानी आन वं, पिंके."